नामदार नाना शंकरशेट आणि गिरगावचा वाडा

मुंबईच्या कोटात, बझारगेटच्या बाजूस, एक अरुंद व गजबजलेली गल्ली आहे. तिचे सध्याचे नाव रुस्तुम सिधवा मार्ग. परंतु जुन्या नकाशांत, खरेदीखतांत आणि त्या भागात उदीम केलेल्या वृद्ध मंडळींच्या तोंडी ती ‘गनबो स्ट्रीट’ म्हणूनच येते. इंग्रजी शिकू लागलेल्या एखाद्या चुणचुणीत मुलास या नावात बंदूक आणि धनुष्य दिसल्यास नवल नाही. प्रत्यक्षात त्या नावाचा ना बंदुकीशी संबंध, ना धनुष्याशी. ते आहे एका माणसाचे नाव, आणि तो माणूस आपल्या ज्ञातीतला. गणबाशेट या नावाचा इंग्रजी जिभेने केलेला हा अपभ्रंश होय. अठराव्या शतकात कोकणपट्टीतून मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या मुरकुटे घराण्यातील हे गणबाशेट म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट यांचे पूर्वज.

आपल्या वार्षिक संमेलनात नानांच्या तसबिरीस हार घालण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. मात्र हार घालून झाल्यावर नानांविषयी चार गोष्टी सांगा असे तरुण मंडळींस विचारले, तर आगगाडीपलीकडे गाडी सहसा जात नाही. यास्तव त्यांचे चरित्र यंदा त्यांच्या घराच्या आणि घरासमोरील रस्त्याच्या अनुषंगाने सांगावे असे योजिले आहे. मोठ्या माणसाची कीर्ती सभास्थानी दिसते, परंतु त्याचे मन त्याच्या घराचा दरवाजा कोणासाठी उघडा होता यावरून कळते.

गणबाशेट ज्या मुंबईत आले ती मुंबई म्हणजे तटबंदीच्या आतील एक लहानसे शहर होते. तटाच्या उत्तर भागात पारशी, बनिये, भाटे, बोहरी आणि आपली मंडळी एकमेकांस चिकटून राहत. कंपनी सरकारला येथे व्यापारी हवे होते, आणि जो उद्योग करील त्यास हे शहर आसरा देत असे. देशावर आणि कोकणात ज्यांना आपल्या धंद्यापलीकडे डोके वर काढणे कठीण होते, त्यांना मुंबईत श्वास घेता येत असे. तरीही या मोकळेपणास मर्यादा होत्या, व त्यातील एक मर्यादा आपल्या ज्ञातीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. १७७९ साली पेशवे दरबाराच्या सांगण्यावरून मुंबई सरकारने सोनार ज्ञातीच्या लोकांनी ‘नमस्कार’ या शब्दाने अभिवादन करू नये असा हुकूम काढला. नमस्कार हा ब्राह्मणांचा अधिकार मानला जाई, आणि आपले पूर्वज तो शब्द उच्चारीत, एवढाच अपराध. ज्ञातिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी या हुकुमाचा उल्लेख आवर्जून केला आहे. दोन माणसे रस्त्यात भेटली असता त्यांनी हात जोडून कोणता शब्द बोलावा, हेही सरकारने ठरवावे, अशी ती वेळ होती. हे येथे सांगण्यात कोणाविषयी कटुता धरण्याचा हेतू नाही. त्या हुकुमानंतर चोवीस वर्षांनी ज्या घराण्यात नानांचा जन्म झाला ते घराणे कोणत्या हवेत वाढले, हे समजल्याशिवाय पुढील हकीकतीचे वजन कळावयाचे नाही.

गणबाशेट, बाबुलशेट, शंकरशेट अशी ही नामावली आहे. नानांचे वडील शंकरशेट बाबुलशेट यांनी व्यापारात मोठी दौलत मिळविली. टिपू सुलतानाशी इंग्रजांचे युद्ध चालले होते त्या काळात त्यांच्या उलाढाली विशेष वाढल्या. त्यांचे नाव एवढे दृढ झाले की घराण्याचे मुरकुटे हे आडनाव मागे पडून वडिलांचे नावच मुलाचे आडनाव झाले. मातोश्रींचे नाव भवानीबाई. नाना चौकानजीक या घराण्याचे जे भवानीशंकराचे देवालय आहे, त्यात देवादिकांच्या नावांबरोबर माता आणि पिता या दोघांचीही नावे आपोआप एकत्र आली आहेत. नानांचे मातृछत्र मात्र लहानपणीच हरपले.

जगन्नाथाचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. पुढे बरोबर आठवड्याने, १७ फेब्रुवारी रोजी, मुंबईच्या कोटात भयंकर आग लागली आणि उत्तर भागातील बाजारपेठ व शेकडो घरे जळून गेली. त्यापूर्वीच कोटात दाटी अतोनात झाली होती. आगीनंतर सरकारनेही लोकांनी तटाबाहेर वस्ती करावी असे धोरण धरले, आणि एतद्देशीयांची मुंबई उत्तरेकडे सरकू लागली. काळबादेवी, भुलेश्वर, मुंबादेवी, गिरगाव हे भाग यानंतरच खऱ्या अर्थाने भरले. शंकरशेट घराण्याचे वास्तव्यही कोटातून गिरगावात आले. अशा रीतीने पूर्वजाचे नाव कोटातील गल्लीस चिकटून राहिले व वंशज नव्या रस्त्यावर गेले.

त्या काळचे गिरगाव आजच्या वाचकाने डोळ्यांसमोर आणावयाचे तर चाळी, ट्राम आणि नाटकगृहे सर्व पुसून टाकावी लागतील. नारळीच्या बागा, त्यांत तुरळक घरे, आणि एकेका मालकाच्या नावाने ओळखली जाणारी वाडी असे ते खेडे होते. फणसवाडी, आंबेवाडी, गायवाडी, खोताची वाडी ही नावे त्याच दिवसांची खूण आहेत. पश्चिमेस समुद्र अगदी जवळ. या बागांमधून कोटाकडे जाणारी वाट हाच गिरगाव रस्ता. या रस्त्यावर शंकरशेटांचा वाडा उभा राहिला, आणि पुढील अर्धशतकात मुंबईत जे जे नवे घडले त्यातील बरेचसे या वाड्याच्या ओसरीवरून पुढे गेले.

नानांचे शिक्षण घरीच झाले. त्यांना शिकविण्यासाठी शिक्षक घरी ठेवण्यात आले होते. मराठीबरोबर इंग्रजीचेही उत्तम ज्ञान त्यांनी संपादन केले. त्या काळी मुंबईत इंग्रजी जाणणारा हिंदू विरळा, आणि इंग्रजी जाणूनही आपल्या भाषेची लाज न वाटणारा त्याहून विरळा. १८२२ साली वडिलांचे देहावसान झाले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या तरुण वयात अफाट संपत्ती हाती आली असता काय होते, हे सांगण्यास आपल्या ज्ञातीतीलच नव्हे तर कोणत्याही ज्ञातीतील उदाहरणे कमी पडणार नाहीत. नानांनी व्यापार सांभाळला, वाढविला, आणि सचोटीचे नाव असे मिळविले की अरब, अफगाण व इतर परदेशी व्यापारी आपले द्रव्य पेढीवर किंवा बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या स्वाधीन करीत. कागदापेक्षा माणसाचा शब्द मोठा मानण्याचे ते दिवस होते हे खरे, परंतु प्रत्येकाचाच शब्द मोठा मानला जात नसे.

ज्या वर्षी वडील गेले त्याच वर्षी मुंबईत देशी लोकांच्या शिक्षणासाठी शाळा व पुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तीस पाठिंबा होता. पुढे ही संस्था बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली, आणि नाना तिचे आधारस्तंभ झाले. १८२७ साली एल्फिन्स्टन साहेब स्वदेशी परत निघाले, तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून वर्गणी जमा करण्यात आली. ही रक्कम दोन लाखांवर गेली. तिचा पुतळ्यासारख्या गोष्टीत सर्वस्वी व्यय न होता त्यातून उच्च शिक्षणाचे अध्यापक नेमले जावेत, या विचारामागे ज्यांचे बळ होते त्यांत नाना अग्रभागी होते. यातूनच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उदयास आले. बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी ही नावे ज्या संस्थेशी निगडित आहेत ती हीच. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले त्यातही नानांचे साहाय्य होते. परंतु कोणत्या संस्थेस किती वर्गणी दिली याची यादी येथे देत बसणे मला तितकेसे रुचत नाही. धनवानाने दान करणे हे चांगलेच. नानांचे वैशिष्ट्य त्याहून निराळ्या ठिकाणी आहे, आणि शिक्षकाच्या पेशात हयात घालविलेल्या माणसाने त्याच ठिकाणी थोडे अधिक थांबावे हे वाचक समजून घेतील.

१८४० साली सरकारने शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात तीन सभासद एतद्देशीय होते, व नाना त्यांपैकी एक. हे बोर्ड अस्तित्वात होते तोवर नाना त्यावर राहिले. १८४३ साली सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, पुढे मुख्य न्यायाधीश. मनुष्य विद्वान व हिंदी लोकांविषयी सहानुभूती बाळगणारा. परंतु शिक्षणाविषयी त्यांचे मत ठाम होते. सरकारजवळ पैसा थोडा आहे, तो सर्व लोकांवर पसरला तर कोणासच पुरणार नाही. म्हणून वरच्या वर्गातील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे, मग ज्ञान त्यांच्याकडून खाली झिरपेल, असा त्यांचा हिशेब होता.

नानांनी या हिशेबास विरोध केला. नाना स्वतः इंग्रजीत पारंगत, इंग्रज अधिकाऱ्यांत त्यांची ऊठबस, इंग्रजी विद्येच्या संस्थांस त्यांचा पैसा. तेव्हा त्यांचा विरोध इंग्रजी भाषेला होता असे समजणे चुकीचे होईल. इंग्रजी शिकावी, परंतु ज्ञान हे लोकांना त्यांच्या भाषेतून दिले तरच ते लोकांपर्यंत पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या मुलास इंग्रजी शिकण्यास आठ वर्षे घालविण्याची सवड नाही, त्या कुणब्याच्या, कारागिराच्या, लहान दुकानदाराच्या मुलाने भूगोल आणि गणित शिकूच नये काय, असा हा प्रश्न होता. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे दोघे एतद्देशीय सभासद नानांच्या बाजूस उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान अशी तिघांची एकजूट झाली. त्यांना इंजिनिअर खात्यातील कर्नल जर्विस हे इंग्रज गृहस्थ येऊन मिळाले. जर्विस यांनी गणितादी विषयांची मराठी पुस्तके तयार करविण्यात वर्षे घालविली होती, त्यामुळे मराठीत शास्त्रीय विषय शिकविता येत नाहीत हे म्हणणे त्यांच्यापुढे टिकणारे नव्हते. हा वाद बोर्डात काही वर्षे चालला, सरकारपर्यंत गेला, आणि सरकारने दोन्ही पक्षांस थोडेथोडे देऊन तो मिटविला. १८५४ साली विलायतेहून जो प्रसिद्ध शिक्षणविषयक खलिता आला, त्यात सामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे हे तत्त्व मान्य करण्यात आले. नाना जे सांगत होते ते तेव्हा कोठे सरकारी कागदावर उमटले.

आपल्या मराठी शाळांचा पाया कोणी घातला असे विचारल्यास आपण अनेक नावे घेतो. गिरगावच्या या सावकाराचे नाव त्यात क्वचितच येते. आज आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, व त्याची कारणे ज्या त्या आईबापांस ठाऊक आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. फक्त तसबिरीस हार घालताना तसबिरीतील गृहस्थाने आयुष्यातील कोणत्या गोष्टीसाठी मुख्य न्यायाधीशाशी वर्षानुवर्षे भांडण केले, एवढे मुलांस सांगावे.

आणि या भांडणाचा शेवट कसा झाला पाहा. १८५२ साली पेरी निवृत्त झाले. त्यांचे स्मारक करावे म्हणून मुंबईकर एकत्र आले, तेव्हा पुढाकार घेतला तो नानांनीच. निधी जमवून कायद्याच्या अध्यापनाची जागा निर्माण करावी अशी सरकारास विनंती करण्यात आली, आणि १८५५ साली मुंबईत कायद्याचे शिक्षण सुरू झाले. आजचे सरकारी विधी महाविद्यालय ते हेच. ज्याच्याशी मतभेद केला त्याच्या नावाची विद्येची गादी स्थापन करावयास मन मोठे लागते. आपल्या सभांतून दोन कार्यवाहांचे एका ठरावावर जुळले नाही तर पुढील तीन वर्षे ते एकमेकांच्या घरच्या लग्नास जात नाहीत, हे मी पाहिले आहे.

आता मुलींच्या शाळेकडे येऊ. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापक व विद्यार्थी यांनी १८४८ साली एक ज्ञानप्रसारक मंडळी काढली. तिचे इंग्रजी नाव स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. दादाभाई, भाऊ दाजी आदी तरुण त्यात होते. १८४९ साली या तरुणांनी मुलींसाठी शाळा काढण्याचे ठरविले आणि स्वतः विनावेतन शिकविण्याची तयारी दर्शविली. शिकविणारे मिळाले, जागा मात्र मिळेना. मुलगी शिकली तर विधवा होते, ती पत्रे लिहू लागेल, घराण्याचे नाव बुडेल, असे समजणाऱ्या शहरात आपले घर मुलींच्या शाळेसाठी कोण देणार? नानांनी आपल्या गिरगावच्या वाड्यातील जागा दिली.

वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. द्रव्य देणारा दूरून देऊ शकतो. त्याचे घर, त्याची माणसे, त्याची सोयरीक यांस धक्का लागत नाही. परंतु स्वतःच्या वाड्यात रोज सकाळी पाटीदप्तर घेतलेल्या मुली येऊ देणे म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास आपले मत दाखविणे होय. नाना सनातन आचाराचे, देवधर्म पाळणारे गृहस्थ होते. त्यांना कोणी पाखंडी म्हणू शकत नव्हते, आणि तेच बळ त्या शाळेस मिळाले. नव्या मताच्या तरुणाने मुलींची शाळा काढली तर लोक हसले असते. शंकरशेटांच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर हसणाऱ्यांनाही आवाज खाली करावा लागला.

आगगाडीची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८४५ च्या सुमारास मुंबईत लोहमार्गाची चर्चा सुरू झाली तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई व नाना यांनी ती कल्पना उचलून धरली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली, तिच्या येथील संचालकांत नाना होते. कंपनीच्या कचेरीसही आरंभी नानांच्या वाड्यातच जागा मिळाली असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, तोफांच्या एकवीस सलाम्या होऊन, चौदा डब्यांची पहिली गाडी सुमारे चारशे निमंत्रित उतारूंसह बोरीबंदराहून निघाली व एकवीस मैलांवरील ठाण्यास सुमारे सत्तावन्न मिनिटांत पोहोचली.

त्याच वर्षी विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन मुंबईस आले. ग्रँट रोडवर १८४६ साली जे नाटकगृह उघडले होते त्याची जागा नानांची. इंग्रजी खेळांसाठी बांधलेल्या या नाट्यगृहात मराठी नाटकाने पाऊल टाकले, त्यामागेही नानांचा आश्रय होता. सांगलीकडील मंडळी सूत्रधार-विदूषकासह रंगभूमीवर उभी आहेत आणि समोर साहेबलोक, पारशी शेटजी व गिरगावकर एका छपराखाली बसले आहेत, हे दृश्य मला आगगाडीइतकेच महत्त्वाचे वाटते.

सरकारदरबारी नानांचा प्रवेश याआधीच झाला होता. ग्रँड ज्यूरीत हिंदू, पारशी व मुसलमानांस बसू देत नसत. त्याविरुद्ध मुंबईकरांनी पार्लमेंटपर्यंत अर्ज नेला आणि १८३२ च्या कायद्याने तो अडसर दूर झाला. पुढे एतद्देशीयांस जस्टिस ऑफ द पीस नेमण्यास आरंभ झाला, त्या पहिल्या मानकऱ्यांत नाना होते. परंतु राजकारणातील त्यांचे खरे कार्य १८५२ चे. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी मुंबईतील सर्व जातींचे प्रमुख नागरिक एकत्र जमले आणि बाँबे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती. नवी सनद देण्यापूर्वी येथील लोकांचे म्हणणे पार्लमेंटने ऐकावे, कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी लोक असावेत, सरकारी नोकरीचे दरवाजे त्यांस उघडे असावेत, या मागण्या तिने विलायतेस पाठविल्या. सर जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष होते, अध्यक्षपदाचा भार नानांकडे आला. डॉ. भाऊ दाजी चिटणीस. राष्ट्रीय सभेचा जन्म होण्यास अद्याप तेहतीस वर्षे होती.

ज्या शहरात १७७९ साली आपल्या ज्ञातीच्या माणसाने नमस्कार करू नये असा हुकूम निघाला होता, त्याच शहरात त्र्याहत्तर वर्षांनी पारशी, ब्राह्मण, प्रभू, बनिये, मुसलमान अशा सर्वांनी मिळून आपल्या ज्ञातीच्या माणसास आपला पुढारी केले. नानांनी यासाठी ज्ञातीचे गाऱ्हाणे मांडून कोणाकडे मान मागितला नाही. शहरातील प्रत्येक कामाला ते हजर राहिले, मान मागून आला.

१८५७ साल मात्र त्यांच्यासाठीही कठीण गेले. उत्तरेत बंडाळी माजली असता मुंबईतील इंग्रजांच्या मनात प्रत्येक मोठ्या हिंदू गृहस्थाविषयी किंतु उत्पन्न झाला. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट वेषांतर करून शहरात फिरे. १५ ऑक्टोबर रोजी दोघा शिपायांस मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. अशा वातावरणात बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय नानांवरही घेण्यात आला. चौकशी झाली, त्यात काही निष्पन्न झाले नाही. तीस वर्षे ज्यांनी सरकारबरोबर बसून शाळा, रस्ते, दवाखाने यांची कामे केली, त्यांच्यावरही एका रात्रीत संशय येऊ शकतो, हे तेव्हा मुंबईकरांनी पाहिले. नानांनी मात्र त्यानंतर सार्वजनिक कामातून अंग काढून घेतले नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव आहे. १८६२ साली मुंबईचे कायदे कौन्सिल सुरू झाले, त्यात ज्या थोड्या हिंदी गृहस्थांस जागा मिळाली त्यांत नाना होते. नामदार ही पदवी तेव्हापासूनची. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला त्याच वर्षी बसली. त्याच्या समितीतही डॉ. भाऊ दाजी व जॉर्ज बर्डवुड यांच्या बरोबरीने नानांनी परिश्रम केले. आज ही वास्तू डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते.

एक काम वरील यादीत सहसा येत नाही. समुद्राकाठच्या सोनापुरात हिंदूंची दहनभूमी होती. वस्ती वाढल्यावर ती तेथून हलवून शिवडीस न्यावी असा सरकारचा विचार झाला. गिरगाव-भुलेश्वरच्या गरीब माणसास प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जावे लागले असते. श्रीमंतास गाडीघोडे होते, प्रश्न होता तो गरिबाचा. नानांनी हा बेत हाणून पाडला. आज चंदनवाडीस आपल्या आप्तांस शेवटचा निरोप देऊन परतणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल?

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तटबंदी पाडली गेली. गणबाशेटांच्या गल्लीभोवतीचा कोट नाहीसा झाला. १ जुलै १८६५ रोजी शेअरबाजाराचा तो फुगा फुटला व मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नानांनी देह ठेवला. वय बासष्ट वर्षांचे.

नानांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत आहे. जी इमारत इंग्रज अधिकाऱ्यांच्या विद्याव्यासंगाचे स्थान, तेथे ते पागोटे घातलेले गिरगावकर बसलेले दिसतात. गिरगाव रस्त्यास पुढे जगन्नाथ शंकरशेट मार्ग हे नाव मिळाले. लोकांनी त्याची तीन इंग्रजी अक्षरे केली, आणि आज टॅक्सीवाल्यास पूर्ण नाव सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. गणबाशेटांचे गनबो झाले तसेच हे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकास नानांचे नाव देण्याचा निर्णय घेतला, आणि २०२५ साली भुयारी मेट्रो त्या भागातून धावू लागली तेव्हा तेथील मेट्रो स्थानक जगन्नाथ शंकरशेट याच नावाने सुरू झाले. गिरगावच्या नारळीच्या बागांखालून आगगाडी जाईल ही कल्पना मात्र नानांनाही सुचली नसती.

नानांचे चिरंजीव विनायकराव यांनी वडिलांचे सार्वजनिक कार्य आपल्या परीने पुढे चालविले. नानांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती हे या घराण्याचे असे स्मारक आहे की ज्याचा परिचय रस्त्याचे नाव न ऐकलेल्या खेड्यातील मुलांसही झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येणाऱ्यास ती मिळे, आणि शंकरशेट स्कॉलर म्हटले की त्या मुलाकडे सारा गाव वळून पाही. ती मिळविण्यासाठी कोणत्याही ज्ञातीची अट नव्हती. १९१२ साली ती रायगड जिल्ह्यातील नाते गावच्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख या मुलास मिळाली. १९४३ साली तेच देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.